रिकामी खाट

(दृश्य : महामार्गाच्या कडेचं बैठं मोटेल. भोवती जाळीचं कुंपण उभं राहतंय.)

हे मोटेल आहे. गाडीनं प्रवास करणाऱ्यानं रात्र काढावी, सकाळी किल्ली परत करून पुढं जावं, अशी जागा. टेक्सासमधलं ह्यूस्टन शहर, जानेवारी १९८४. मोटेलचं नाव ऑलिंपिक. नव्यानं निघालेल्या एका कंपनीनं ते अख्खं भाड्यानं घेतलंय. सरकारचं कंत्राट मिळालंय, पण स्वतःची इमारत अजून नाही आणि मुदत तोंडावर आली आहे. मग मोटेललाच उंच कुंपण घातलं जातं. जानेवारी सरायच्या आत ऐंशीहून जास्त माणसं इथं आणली जातात. कागदपत्रांवाचून अमेरिकेत आलेली माणसं. आता खोलीची किल्ली आत राहणाऱ्याच्या हातात नाही.

आजच्या अमेरिकेतल्या खासगी तुरुंगांची गोष्ट इथून सुरू होते. आणि ती एका मोटेलात सुरू व्हावी, हे मला फार बोलकं वाटतं. कारण मोटेलचा धंदा एकाच गोष्टीवर चालतो. खाट भरलेली पाहिजे.

कंपनीचं नाव करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका. १९८३ साली टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये तिची स्थापना झाली. तिच्या पाठीशी पैसा उभा केला जॅक मॅसी यांच्या गुंतवणूक संस्थेनं. मॅसींनी त्याआधी केंटकी फ्राइड चिकनचा पसारा वाढवला होता आणि खासगी रुग्णालयांची साखळीही उभी केली होती. तीन संस्थापकांपैकी डॉन हटो यांना तुरुंग ठाऊक होते. आर्कान्सा राज्याच्या तुरुंग खात्याचे ते प्रमुख होते. तिथल्या एकांतकोठड्यांत माणसं कशी कोंबली जात, हे प्रकरण थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ साली न्यायालयानं कैद्यांच्या बाजूनं दिलेल्या निकालाच्या मथळ्यावर हटोंचंच नाव आहे. दुसरे संस्थापक टॉमस बीझली. तुरुंग विकायचा कसा, असं विचारल्यावर ते १९८८ साली एका व्यापारविषयक मासिकाला म्हणाले, की गाड्या, घरं किंवा हॅम्बर्गर विकतात, तसाच.

(दृश्य : खचाखच भरलेली बराक. तीनमजली लोखंडी खाटा.)

कंपनीचं म्हणणं ज्यांना पटलं, ते सगळे लोभी होते असं मानणं सोपं आहे, पण खरं नाही. १९८० साली अमेरिकेच्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून सुमारे ३ लाख ३० हजार कैदी होते. २००९पर्यंत हा आकडा १६ लाखांच्या वर गेला. अमली पदार्थांविरुद्धच्या कडक कायद्यांनी, न्यायाधीशाचे हात बांधणाऱ्या सक्तीच्या किमान शिक्षांनी तुरुंग ओसंडून गेले. एकामागून एक न्यायालयं राज्यांना बजावत होती, की गर्दी कमी करा. नवा तुरुंग बांधायचा तर कर्ज काढायचं आणि त्याला मतदारांची संमती मिळवायची. अशा वेळी दारात कोणी येतो आणि म्हणतो, बांधकाम आमचं, पैसा आमचा, तुम्ही फक्त कैद्यामागे रोजचा दर द्या. कोणता अर्थमंत्री नको म्हणेल? कंपनीचा आत्मविश्वास इतका, की १९८५ साली तिनं टेनेसीचे सगळेच तुरुंग ९९ वर्षांच्या करारानं मागितले. राज्यानं नकार दिला.

आता तो रोजचा दर नीट बघा.

सरकार पैसे देतं ते दर कैद्यामागे, दर दिवशी. इमारतीचा खर्च, विजेचं बिल, पहारेकऱ्यांचे पगार खाट भरलेली असो की रिकामी, फारसे बदलत नाहीत. म्हणजे नफा शेवटच्या काही खाटांत असतो. सरकारी तुरुंगात खाट रिकामी राहिली, तर ती चांगली बातमी. कंपनीच्या ताळेबंदात तीच खाट तोटा होते. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. कंपनी भागधारकांना जो वार्षिक अहवाल देते, त्यात व्यवसायापुढचे धोके लिहावेच लागतात. त्यात लिहिलेलं असायचं, की शिक्षा सौम्य झाल्या, पॅरोल सहज मिळू लागला, काही कृत्यं गुन्ह्यांच्या यादीतून वगळली गेली, तर आमच्या सेवेची मागणी घटू शकते. मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा एकदा वाचला. एखादा मुलगा सुधारून घरी जाणं, हा इथं धंद्यापुढचा धोका आहे.

म्हणून करारात रिकाम्या खाटेचा बंदोबस्त केला जातो. २०१२ साली कंपनीनं ४८ राज्यांना पत्र पाठवलं, की तुमचे तुरुंग विकत घ्यायला आम्ही २५ कोटी डॉलर बाजूला काढले आहेत. अटींमध्ये एक अशी, की तुरुंग किमान ९० टक्के भरलेला राहील याची हमी राज्यानं द्यावी. त्याच्या आदल्याच वर्षी ओहायोनं आपला लेक एरी तुरुंग कंपनीला विकला होता. ॲरिझोनाच्या काही करारांत तर हमी १०० टक्क्यांची होती. म्हणजे राज्यात गुन्हे कमी झाले, तरी त्या रिकाम्या खाटांचं भाडं करदात्यानंच भरायचं.

आणि खर्च वाचतो म्हणतात, त्याचं काय? ॲरिझोनाच्याच तुरुंग खात्यानं तुलना केली, तेव्हा खासगी तुरुंग स्वस्त पडतात असं दिसेना. उलट खासगी तुरुंगांत धडधाकट कैदी पाठवले जात आणि आजारी, वयस्कर, महागडे कैदी सरकारकडेच राहत, हेही त्यातून पुढे आलं. २०१२ साली राज्याच्या विधिमंडळानं काय केलं? अशी तुलना करण्याचं कायदेशीर बंधनच काढून टाकलं.

(दृश्य : आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहराच्या दक्षिणेचं ओसाड माळरान. लांबवर तुरुंगाचे दिवे.)

पैसा वाचवायचाच, तर तुरुंगात तो वाचतो कुठून? भिंतीतून वाचत नाही. माणसांतून वाचतो. लुइझियानातल्या विन तुरुंगात कंपनीचा पहारेकरी ताशी ९ डॉलरवर काम करत होता. अशी नोकरी कोण टिकवणार? आणि माणसं कमी पडली की काय होतं, ते आयडाहो राज्यानं पाहिलं.

आयडाहो करेक्शनल सेंटर. मालकी राज्याची, कारभार कंपनीचा. आतले कैदी या तुरुंगाला ‘ग्लॅडिएटर स्कूल’ म्हणायचे. रोमन रिंगणात माणसांना माणसांशी झुंजवत, ते ग्लॅडिएटर. २०१० साली इथल्या सुरक्षा कॅमेऱ्याचं एक चित्रीकरण बाहेर आलं. एक कैदी दुसऱ्याला मारतोय. मार खाणारा बेशुद्ध पडतो. मारणारा दमून थांबतो, दम घेतो आणि पुन्हा सुरू होतो. पहारेकरी हे बघत आहेत. कोणी मध्ये पडत नाही. मार खाल्लेल्या तरुणाच्या मेंदूला कायमची इजा झाली.

त्याच वर्षी नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था न्यायालयात गेली. २०११ साली तडजोड झाली आणि कंपनीनं लेखी कबूल केलं, की पहाऱ्यावर पुरेशी माणसं ठेवू.

पुढचा भाग आपल्या प्रेक्षकांना समजावून सांगायची गरज नाही. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपटात नाव आणि खड्ड्यावर माणूस नाही, हा प्रकार आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. आयडाहोतही तेच घडलं. पाळीच्या नोंदींत काही पहारेकरी सलग ४८ तास ड्युटीवर असल्याचं दिसत होतं. एप्रिल २०१३मध्ये कंपनीनं कबुली दिली, की २०१२च्या सात महिन्यांत सुमारे ४,८०० तासांचा पहारा फक्त कागदावर होता. त्या तासांना तिथं कोणी नव्हतंच. बराकीत ज्याला मार बसतोय, त्यानं हाक मारली असेल, तर ती हजेरीपटातल्या नावाला मारली असेल. न्यायालयानं कंपनीला अवमानाबद्दल दोषी धरलं. कंपनीनं राज्याला १० लाख डॉलर दिले. राज्यपाल बुच ऑटर खासगीकरणाचे समर्थक, पण १ जुलै २०१४ला त्यांच्याच राज्यानं तुरुंगाचा ताबा घेतला.

(दृश्य : पेन्सिल्व्हेनियातलं जुनं न्यायालय. पायऱ्यांवर शाळकरी वयाची मुलं.)

खाट भरण्याची घाई न्यायाधीशाच्या आसनापर्यंत पोचली, तर? पेन्सिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीत ती पोचली. जुनं सरकारी बालसुधारगृह बंद पाडलं गेलं आणि मुलं खासगी सुधारगृहांत जाऊ लागली. मार्क चावरेला आणि मायकल कॉनाहन या दोन न्यायाधीशांनी सुधारगृहाचा बांधकाम व्यावसायिक आणि मालक यांच्याकडून मिळून सुमारे २८ लाख डॉलर घेतले. चावरेला यांच्यासमोर मुलांची सुनावणी काही मिनिटांत उरकायची, अनेकदा वकिलाशिवाय. एका मुलीनं इंटरनेटवर शाळेच्या उपमुख्याध्यापिकेची टर उडवणारं पान बनवलं होतं. तिला तीन महिने सुनावले गेले. २००९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चावरेला यांचे सुमारे ४,००० निवाडे रद्द केले. पुढे चावरेला यांना २८ वर्षांची आणि कॉनाहन यांना साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. मुलांची गेलेली वर्षं मात्र कोणत्याही निकालानं परत आली नाहीत.

कंपन्यांचे समर्थक म्हणतील, हे भ्रष्ट न्यायाधीश होते. देखरेख कडक करा, करार नीट लिहा, प्रश्न सुटेल. हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या दक्षिणेला सर्को कंपनीशी आणि ऑस्ट्रेलियात रेव्हनहॉलला असे करार झाले आहेत, की सुटलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले, तर कंपनीला जास्त पैसे मिळतात. खाट भरण्याऐवजी माणूस उभा करण्याला मोल देणारा करार. कल्पना म्हणून ती मला प्रामाणिक वाटते. पण त्याच न्यूझीलंडमध्ये, त्याच सर्को कंपनीच्या ताब्यातल्या माउंट ईडन तुरुंगात कैद्यांच्या झुंजी लावल्या जात होत्या. २०१५ साली त्याची चित्रणं बाहेर आली, आणि सरकारनं तो तुरुंग परत घेतला. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमचा सरकारी तुरुंग २०११ साली जी४एस कंपनीकडे गेला. २०१६च्या डिसेंबरात तिथं मोठी दंगल झाली आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये सरकारला मध्येच ताबा घ्यावा लागला. कंत्राट कागदावर कितीही सुरेख असो, रात्री दोन वाजता बराकीत काय चाललंय, ते पाहायला कंत्राट जागं नसतं.

(दृश्य : नेगेवच्या वाळवंटाच्या उंबरठ्यावरचं बेअर शेवा. नवी कोरी इमारत, टेहळणीचे मनोरे.)

या सगळ्या वादात मला सर्वांत खोल गेलेला निकाल इस्राएलमधला वाटतो. २००४ साली तिथल्या संसदेनं खासगी तुरुंगाला परवानगी देणारी कायदादुरुस्ती केली. बेअर शेवाजवळ तुरुंग उभा राहत आला. कैदी आणण्याआधीच न्यायालयानं थांबायला सांगितलं, आणि १९ नोव्हेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

तोवर या तुरुंगात एकाही कैद्याला कोणी चापटही मारली नव्हती. कैदीच नव्हते. त्यामुळे छळाचे पुरावे, खर्चाचे तक्ते, दोन तुरुंगांची तुलना, असल्या कशाच्याही आधारावर निकाल उभा नाही. सरन्यायाधीश दोरित बाइनिश यांनी प्रश्नच वेगळा विचारला. माणसाचं स्वातंत्र्य हिरावणं, त्याची झडती घेणं, त्याला एकांतात टाकणं, त्याच्यावर बळ वापरणं, हे अधिकार समाजानं राज्याकडे सोपवले आहेत, कारण राज्य सगळ्यांचं आहे. तेच अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे गेले, तर ती कंपनी कितीही सभ्यपणे वागली, तरी त्या क्षणी कैद्याच्या स्वातंत्र्याचा आणि प्रतिष्ठेचा भंग झालेलाच असतो. तो मग दुसऱ्याच्या कमाईचं साधन होतो.

राज्याचे तुरुंग सभ्य असतात, असं या निकालाचं म्हणणं नाही, आणि माझंही नाही. अमेरिकेत राज्यांच्या आणि केंद्राच्या कैद्यांपैकी जेमतेम ८ टक्के खासगी तुरुंगांत आहेत. बाकीचे सरकारीच. १९७१च्या कैद्यांच्या बंडासाठी ओळखला जाणारा ॲटिका तुरुंग सरकारीच होता. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरचा बदनाम तुरुंग सरकारी आहे. सक्तीच्या शिक्षांचे कायदे कंपन्यांनी नव्हे, निवडून आलेल्या लोकांनी केले. पण सरकारी तुरुंगात माणूस मेला, तर त्याची आई मंत्र्याला जाब विचारू शकते आणि त्या मंत्र्याला पुढच्या वर्षी तिच्याच दारात मत मागायला यावं लागतं. कंपनीच्या भागधारकांची वार्षिक सभा तिच्या गल्लीत भरत नाही.

२०१६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या न्यायखात्यानं केंद्रीय तुरुंगांतली खासगी कंत्राटं संपवायचं ठरवलं आणि कंपन्यांचे शेअर एका दिवसात कोसळले. सहा महिन्यांत ट्रम्प सरकारनं तो निर्णय फिरवला. २०२१च्या जानेवारीत बायडन यांनी पुन्हा तसाच आदेश काढला, पण स्थलांतरितांची स्थानबद्धता केंद्रं त्यातून वगळली. तिथली बहुसंख्य माणसं खासगी कंपन्यांच्याच कुंपणात असतात, ऑलिंपिक मोटेलपासून आजतागायत. २० जानेवारी २०२५ला बायडन यांचा आदेशही रद्द झाला. पुढच्याच महिन्यात न्यू जर्सीतल्या न्यूआर्कमधल्या डिलेनी हॉल या स्थानबद्धता केंद्रासाठी जिओ ग्रुप या कंपनीला १५ वर्षांचं कंत्राट जाहीर झालं. १,००० खाटा.

(दृश्य : ॲरिझोनाचं वाळवंट. दुपारचं ऊन, मोकळा रस्ता.)

आणि आयडाहो? तिथं ताबा घेऊनही कैदी वाढतच राहिले. जागा पुरेना. २०२०मध्ये राज्यानं आपले काही कैदी ॲरिझोनातल्या इलॉय गावच्या सग्वारो तुरुंगात पाठवायचं ठरवलं. चालवणाऱ्या कंपनीचं नाव कोअरसिव्हिक. २०१६च्या आधी तिचं नाव होतं करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका.

त्याच सग्वारोत हवाईचेही कैदी आहेत, २००७पासून. त्यांच्या घरच्यांना भेटीला यायचं, तर समुद्र ओलांडावा लागतो. बॉइसीहून निघालेल्या आईला तेवढं तरी नाही. तिला गाडीनं जाता येतं. एका बाजूचा रस्ता दीड हजार किलोमीटरहून जास्त आहे.