पेव, आड आणि दोनशे नववं पान

(दृश्य: भर दुपार. उन्हानं पांढरी पडलेली गढीची भिंत. लांबून पाण्याच्या टँकरचा आवाज.)

मराठी भयकथेत पाऊस फार पडतो. वीज जाते, फणसामागं काहीतरी हलतं, माजघरातला कंदील फडफडतो. कोकणातल्या घराला हे शोभून दिसतं. पण जालना, बीड, लातूरकडून आलेल्या पहिल्यावहिल्या कादंबरीतही हाच पाऊस कोसळायला लागला, की इथला वाचक पाचव्या पानावर थांबतो आणि विचारतो, एवढा पाऊस नेमका कोणत्या साली झाला?

रहस्य असो की भय, पहिली कादंबरी लिहिणाऱ्याची गाठ या वाचकाशी आहे. त्यानं विहिरीचा गाळ उपसलेला असतो, सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेले असतात. जायकवाडीत किती पाणी आलं हे तो सकाळी चहाच्या आधी बघतो. भूत त्याला चालतं. विहीर चुकलेली चालत नाही.

(दृश्य: गढीच्या आत. जमिनीत गोल तोंड, त्यावर दगडी झाकण.)

हे पेव. जमिनीच्या पोटातलं ज्वारीचं कोठार. तोंड अरुंद, एक माणूस अंग चोरून उतरेल एवढंच. आतलं पोट मात्र ऐसपैस. तळाला आणि कडेनं कडबा किंवा भुसा, मग ज्वारी, वर पुन्हा कडबा, दगड आणि मातीचं लिंपण. ‘पेव फुटलंय’ असं आपण येताजाता म्हणतो, पण उघडं पेव पाहिलेली माणसं आता थोडी राहिली.

बंद पेवातली ज्वारी श्वास घेत असते. आतला ऑक्सिजन हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. पाणी झिरपून दाणा कुजला असेल तर हे आणखी झपाट्यानं होतं. या वायूला रंग नाही, वास नाही. आंबूस वास येतो तो कुजक्या दाण्याचा. म्हणून जुनी रीत अशी, की पेव उघडलं की तोंड बराच वेळ मोकळं ठेवायचं आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. हवेत एरवी २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत मान टाकते. माणूस त्याच्याही खाली थोडा वेळ तग धरतो, म्हणून कंदील आधी सांगतो. पण कंदील जळतोय म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तरी ज्योत टिकते आणि माणसाला धाप लागते. अशा ठिकाणी बहुतेकदा एकावर भागत नाही. पहिला कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही त्याच्यावर पडतो.

रहस्यकादंबरीला आणखी काय हवं? हत्यार नाही, जखम नाही, विष नाही. तरीही नवा लेखक इथं हटकून माती खातो. हे सगळं तो डॉक्टरच्या तोंडी घालतो, सलग दोन पानं. वाचकाला विज्ञान कळतं, पण कादंबरी तिथंच बसते. त्यापेक्षा कंदील दाखवावा.

(दृश्य: कंदील जवळून. काच, वात, टाकी.)

टाकीत रॉकेल अर्धं आहे. वात शाबूत आहे. काच फुटलेली नाही, कंदील कलंडलेला नाही. आत वारा नव्हता. मग हा विझला कसा? तिसऱ्या प्रकरणात पंचनाम्यातली एक वस्तू म्हणून एवढंच सांगायचं आणि पुढं निघायचं. विसाव्या प्रकरणात एखादी म्हातारी ज्वारी निवडता निवडता म्हणून जाते, “आधी दिवा सोडायचा असतंय लेकरा, मग माणूस.” खून त्या वाक्यात सापडतो. ज्याला ही रीत ठाऊक होती, त्यानं दुसऱ्याच्या हातात कंदील दिला आणि दिवा नि माणूस एकदमच खाली पाठवले.

भयकादंबरीत हेच पेव उलटं वापरावं लागतं. तिथं वायूचं कारण पुढं करून भीती मिटवायची नसते, आणि कारण लपवून वाचकाला फसवायचंही नसतं. कारण सांगून टाकावं. शवविच्छेदनाचा अहवाल यावा, गावानं मान डोलवावी. नंतर कुणाच्या तरी ध्यानात यावं, की खाली उतरले दोघं होते आणि वरच्या माणसानं हाका ऐकल्या तिघांच्या. बस. चांगलं भय इथं थांबतं. पुढच्याच पानावर सांगाडा उठून बसला, तर कमावलेलं सगळं गेलं.

(दृश्य: आडावरचा रहाट. मग शेतातली विहीर. मग वालूरची बारव, वरून.)

पाण्याच्या जागांची गल्लत तर सर्रास होते. आड अरुंद असतो, पिण्याच्या पाण्याचा, वर रहाट. त्याला पायऱ्या नसतात, त्यामुळं नायिका ‘आडाच्या पायऱ्या उतरून’ जाऊ शकत नाही. शेतातली जुनी विहीर असेल तर मोटेचं थारोळं, म्हणजे पाणी ओतायची कुंडी, आणि बैलांची धाव, म्हणजे त्यांची उतरती वाट, अजून ओळखू येते. पायऱ्या बारवेला. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेत त्या गोल फिरत खाली जातात. चारठाण्याची बारव वेगळ्या घडणीची. पाण्याकाठी शेंदूर फासलेले दगड दिसले तर त्या आसरा, म्हणजे पाण्याच्या देवता. त्यांना ‘हडळ’ म्हणून कादंबरीत आणलं, की गावातली बाई पुस्तक मिटून ठेवते, आणि तिचं बरोबर असतं.

आता प्रेत. बुडालेलं शरीर आधी तळाला जातं. आत कुजण्याचे वायू धरले की वर येतं. आपल्याकडं उन्हाळ्यात याला साधारण एक दिवस लागतो, थंडीत दोन-तीन दिवस. खोल, गार पाण्यात त्याहून जास्त. पौषात मंगळवारी रात्री ढकललेला माणूस बुधवारी सकाळी तरंगताना दिसला, तर एक तर लेखक चुकला किंवा माणूस मंगळवारी मेलेला नाही. दुसरी शक्यता मुद्दाम पेरली असेल तर ती झकास खूण आहे. बुडण्याआधी श्वास चालू होता का, हे ठरवायला डायटम चाचणी असते. पाण्यातली ही सूक्ष्म शेवाळं फुप्फुसातून रक्तात आणि तिथून हाडाच्या मगजात पोचतात. ताडून बघायला त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना लागतो. तो घ्यायचा राहून गेला, ही चूक कथेतल्या फौजदाराची असू द्या, लेखकाची नको.

बोअरमध्ये प्रेत टाकणारे लेखकही भेटतात. बोअरचं तोंड साधारण साडेसहा इंच. लातूरकडं ती आठशे-हजार फूट खोल गेलेली असतील, पण रुंदी तेवढीच. त्यात मोबाईल जाईल, कोयता जाईल, मोठ्या माणसाचा खांदा जाणार नाही.

(दृश्य: पोलीस ठाण्याबाहेरचा बाक. भिंतीवर कॅलेंडर.)

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतर घडलेल्या खुनाला कलम १०३. त्याआधी घडलेल्याला भारतीय दंड संहितेचं ३०२, मग तपास आज का चालू असेना. त्यामुळं ‘तीनशे दोन लावतो’ म्हणणारा फौजदार २०२५ मधल्या खुनाबद्दल बोलत असेल, तर ते त्याच्या जिभेचं वळण आहे की लेखकाचं अज्ञान, हे कळायला हवं. विहिरीत प्रेत सापडलं की पहिल्या दिवशी खुनाचा गुन्हा दाखल होत नसतो. पोलीस पाटील खबर देतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा होतो, मग शवविच्छेदन. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाची वाट बघण्यात कादंबरीची निम्मी पानं सहज निघतात. दुसऱ्याच दिवशी अहवाल हातात देणारा लेखक स्वतःचाच तणाव मारतो.

(दृश्य: नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय. उघडा पडलेला काठ, भेगाळलेली माती.)

जायकवाडीच्या पाण्याखाली जुनी गावं आहेत. दुष्काळात पाणी हटतं, कुठं दगडी जोतं दिसतं, कुठं देवळाचा भाग. रहस्याला याहून चांगली सुरुवात मिळणं अवघड. १९७६ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं, त्याआधी पुरलेलं काहीतरी वर येतं. मात्र ‘धरण शून्य टक्के झालं आणि नायक कोरड्या तळातून चालत गेला’ हे होत नाही. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपला. मृतसाठा सुमारे २६ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि तो खाली असतोच. नायकाला काठाकाठानं चालवा. वर आलेलं हाड जुन्या काठाजवळच्या उंच जागेवरचंच हवं. आता तिथं वस्ती कुणाची होती, हा पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो.

(दृश्य: स्थलांतरित गावाशेजारी जुनं गावठाण. बाभळी. पडकी दगडी भिंत. संगीत नाही.)

किल्लारीवर भय लिहू नये, असं काही नाही. सैल लिहू नये. तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला झाला, पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून माणसं उशिरा झोपलेली. त्या रात्री ‘अमावास्येचा काळोख’ लिहिणाऱ्यानं साधं पंचांगही उघडलेलं नसतं. भाद्रपदातली चतुर्दशी म्हणजे चंद्र जवळजवळ पूर्ण, आणि त्या वेळी तो पश्चिमेकडं कललेला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, यांनी माणसं मारली. उन्हाळ्यात ज्याच्यामुळं घर गार राहायचं, तेच अंगावर आलं. साहित्यिक भयाला हे एवढंच पुरतं: नंतर कितीतरी दिवस छप्पर असूनही अंगणात अंथरूण टाकणारी माणसं, आणि आत झोपायचा हट्ट धरणारं एखादं लेकरू. इथं आत्म्यांची गर्दी उभी करणं हा नुसता बाजार.

कागदपत्रांचं एक सांगायलाच हवं. निजामाच्या राज्यातल्या जुन्या दस्तावर साल ‘फसली’ या महसुली कालगणनेचं असतं. ‘१३४२’ बघून नायकानं चौदाव्या शतकात उडी मारू नये. त्यात ५९० मिळवले की १९३२ येतं. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्यानं पुढच्या इसवी सनातले महिनेही त्यात येतात, त्यांना ५९१. हा एका वर्षाचा फरक वारसाहक्काच्या भानगडीत सुरीसारखा चालतो. वापरलेला फारसा दिसत नाही, याचं नवल वाटतं.

(दृश्य: डीटीपीचं दुकान. पडद्यावर पान, शेजारी लाल पेनानं भरलेलं प्रूफ.)

संहिता तयार झाली. साठ हजार शब्द, डेमी आकार, पानाला तीनशेच्या आसपास शब्द. म्हणजे दोनशे पानं. आता कथेला धोका मुद्रितशोधनाचा.

समजा, सत्तेचाळीसाव्या पानावर धमकीची चिठ्ठी आहे. ‘इहिरीकडं येऊ नको.’ लिहिणारा विहिरीला इहीर म्हणतो, आणि खुनी सापडतो तो याच शब्दावरून. मुद्रितशोधक शुद्धलेखनाचा पक्का असतो. तो इमानानं ‘विहिरीकडे’ करून टाकतो. एकशे ऐंशीव्या पानावर तपास करणारी बाई म्हणते, “त्यानं इहीर लिहिलं होतं.” वाचक पानं उलटी फिरवतो, बघतो, आणि लेखकाला वेड्यात काढतो. हे टाळायचं तर संहितेसोबत वेगळ्या कागदावर मुद्दाम अशुद्ध ठेवलेल्या शब्दांची यादी द्यायची, पान आणि ओळीसकट. समासात प्रत्येक ठिकाणी ‘मुळाप्रमाणे’ लिहायचं. शेवटच्या प्रुफावर पुन्हा तेच शब्द एकेक करून शोधायचे. युनिकोडमधून जुन्या फाँटमध्ये मजकूर नेला असेल तर ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘ऱ्हास’ आणि ‘ॲ’ची सगळी अक्षरं डोळ्यांखालून घालायची. ती हमखास मोडतात. संवादांवरही नजर हवी: “काय करायलास?” हे परभणीचं बोलणं ‘काय करतो आहेस?’ झालं, की माणूसच बदलला.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, प्रकाशकाला मोफत मिळतो. पहिल्या कादंबरीसाठी राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार आहे. तिथं प्रथमावृत्तीचं साल बघतात, म्हणून डिसेंबरात छापून जानेवारीची तारीख टाकताना विचार करावा.

(दृश्य: छपाई. मोठा कागद, घड्या, सोळा पानांचा फर्मा.)

आणि मग दोनशे नववं पान. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं. तेरा फर्मे म्हणजे २०८ पानं. मजकूर २०९ वर गेला, की एका पानासाठी निदान आठ पानांचा अर्धा फर्मा वाढतो. प्रकाशक म्हणतो, ओढून घ्या. जुळारी जिथं परिच्छेदाची शेवटची ओळ एकाच शब्दाची आहे अशा जागा हेरतो, तो शब्द वर घेतो, प्रकरणाच्या सुरुवातीची मोकळी जागा दोन ओळींनी कमी करतो. पान बसतं.

पण खुन्याचं नाव आता २०८ वर आलं. कव्हरला लागून, अगदी शेवटच्या पानावर. औरंगपुऱ्यातल्या दुकानात गिऱ्हाईक पुस्तक हातात घेतं, मागं किंमत बघतं आणि कव्हर उघडून शेवटचं पान चाळतं. ही सवय मोडत नाही. म्हणून जाणते संपादक दोन पानं आणखी कापायला लावतात, नाहीतर सरळ २१६ पानं करून मागं प्रकाशनाच्या पुस्तकांची यादी टाकतात. कापायची तयारी असेल तर नाव २०६ वर घ्यावं. शेवटच्या पानावर ती म्हातारी पेवाच्या तोंडावर दगड सरकवताना दिसली तरी चालेल. दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला त्यातून काहीही कळणार नाही.

(दृश्य: दगड सरकल्याचा आवाज. काळा पडदा.)