शनिवारची माडी

(दृश्य : कोल्हापूर, मंगळवार पेठ, रात्रीचे साडेनऊ. दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज.)

खाली झेरॉक्सचं दुकान आहे. ते बंद झालं की शेजारच्या लाकडी जिन्यानं माणसं वर यायला लागतात. चपला जिन्यातच काढायच्या. माडीवर एक सतरंजी, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, त्याही फक्त गुडघे दुखणाऱ्यांसाठी, आणि भिंतीवर खिळे ठोकून ताणलेली पांढरी चादर. चादरीच्या डाव्या कोपऱ्यात हळदीचा डाग आहे. भल्याभल्या नटांच्या तोंडावर तो डाग येऊन गेलाय.

दर शनिवारी मालिकेचा एक भाग बघायचा. एकच. मग खाली उतरून चौकात चहा, आणि भाग चालला त्याच्या दुप्पट वेळ त्यावर वाद. रात्रभर जागून अख्खा सीझन संपवून येणाऱ्याला इथं 'अधाशी' म्हणतात आणि पुढच्या शनिवारचा चहा त्याच्या नावावर लावतात.

तिकडं अमेरिकेत अशा दर्जेदार मालिकांना 'प्रेस्टीज' मालिका म्हणतात. आपल्याकडं प्रेस्टीज म्हटलं की कुकर आठवतो. म्हणून माडीवरच्या मंडळींनी स्वतःचं नाव शोधलं : 'शेवट असलेल्या मालिका'.

(दृश्य : प्रोजेक्टरच्या उजेडात तरंगणारी धूळ.)

सुरुवात 'द वायर' या अमेरिकी मालिकेपासून झाली. पुण्याहून आलेला एक भाचा म्हणाला होता, मामा, चोर-पोलिसांची आहे, बघा. मंडळी चोर-पोलीस बघायला बसली आणि पहिले दोन शनिवार नुसती जांभया देत घरी गेली. पाठलाग नाही, धाडधाड गोळीबार नाही. पोलीस कसले, तर टाईपरायटरवर अक्षरं शोधत बसलेले, आणि एक फोन ऐकायचा तर कोर्टाच्या परवानगीसाठी कागद रंगवणारे.

तिसऱ्या शनिवारी मात्र तो सोफा आला.

सरकारी वसाहतीच्या मधल्या अंगणात एक नारिंगी सोफा टाकलेला आहे. गर्द विकणारी दोन पोरं बुद्धिबळाच्या सोंगट्या घेऊन भलताच सोपा खेळ खेळतायत. त्यांचा म्होरक्या डीअँजेलो त्यांना खरा खेळ शिकवायला बसतो. हा राजा, याला फारसं हलावं लागत नाही, बाकीचे याच्यासाठी मरतात. हा वजीर, सगळीकडं हाच धावतो. ही प्यादी, पुढं असतात म्हणून आधी तीच जातात. पोरं लगेच एकेका सोंगटीला आपल्या धंद्यातल्या माणसांची नावं लावतात. बोडी नावाच्या पोराला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की प्यादं पार पलीकडं पोचलं तर काय. तसं सहसा होत नाही, हे ऐकल्यावरही त्याचं म्हणणं असतं की प्यादं हुशार असलं तर पोचेल.

जेमतेम काही मिनिटांचा प्रसंग. माडीवर कुणीतरी हळूच म्हणालं, "आपल्या मंडळातबी असंच की." कुणी हसलं नाही.

त्या बोलीचा मोठा घोळ होता. मालिका घडते त्या बाल्टिमोर शहराच्या गल्लीतलं इंग्रजी, इंग्रजी शिकलेल्यालाही झेपत नाही. मग विद्यापीठात एम. ए. करणारी एकाची भाची दुभाषी झाली. तासाचा भाग दीड तास चालायचा, कारण दर दोन मिनिटांनी 'थांबव, थांबव'. 'री-अप' म्हणजे काय? माल संपला की पुन्हा भरणं. 'कॉर्नर' म्हणजे? कट्टा नव्हे हो मामा, धंद्याचा नाका.

हे सगळं इतकं खरं कसं, याचं उत्तर लिहिणाऱ्यांच्या पूर्वायुष्यात आहे. डेव्हिड सायमन बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात गुन्हेगारीच्या बातम्या करायचा. त्याचा जोडीदार एड बर्न्स वीस वर्षं पोलिसांत होता आणि नंतर सरकारी शाळेत मास्तर. २००२ ते २००८, पाच सीझन, ६० भाग. पहिला सीझन गर्दच्या धंद्याचा, दुसरा बंदराचा, तिसरा महापालिकेचा, चौथा शाळेचा, पाचवा वर्तमानपत्राचा. शहर तेच, दरवेळी फक्त दार वेगळं. आणि या मालिकेला एमी, म्हणजे तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार, एकदाही मिळाला नाही. माडीवर हे कळल्यावर एकजण म्हणाला, म्हणजे परीक्षक आपल्याकडच्यासारखेच.

(दृश्य : बंद शाहू मिलचं आवार. गवत. वाऱ्याचा आवाज.)

दुसरा सीझन इथं सगळ्यात जास्त लागला, हे मला अपेक्षित नव्हतं. बाल्टिमोरच्या धक्क्यावर बोटी कमी झाल्यात, कामगारांना आठवड्यातले दोन-तीन दिवसही काम नाही. त्यांच्या युनियनचा पुढारी फ्रँक सोबोट्का धडपडतोय : कालव्यातला गाळ काढा, धान्याचा जुना धक्का पुन्हा चालू करा. त्यासाठी तो तस्करीचा पैसा घेतो आणि राजकारण्यांना वाटतो. शेवटी त्या धक्क्यावर महागडे फ्लॅट उभे राहतात.

शाहू महाराजांनी १९०६ साली उभारलेली मिल आज बंद आहे. खुर्चीवर बसणाऱ्या दोघांपैकी एकाचे वडील तिथं साच्यावर होते. त्या रात्री ते चहाला थांबले नाहीत. जिना उतरताना एवढंच म्हणाले, "भोंगा बंद पडल्यावर आमचं घड्याळच गेलं बघा."

आता थोडं घरातल्या टीव्हीबद्दल, नाहीतर माडीवरची मंडळी शिष्ट आहेत असा तुमचा समज होईल. दैनंदिन मालिका यांच्याही घरी चालू असतात. 'तुझ्यात जीव रंगला'चं चित्रीकरण इथल्या वसगड्यात झालं, तेव्हा तो वाडा बघायला यातले निम्मेजण वहिनींना गाडीवर घेऊन गेले होते. मोरेवाडीची चित्रनगरी आमची आहे, बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावातली आणि १९२९ साली प्रभातही इथंच जन्मली. कॅमेऱ्याची आम्हाला नवलाई नाही.

दैनंदिन मालिकेत रडारड फार असते, अशी तक्रार करणाऱ्यांशी माझं पटत नाही. रडारड 'द सोप्रानोज' या माफियावरच्या अमेरिकी मालिकेतही आहे. अडचण दुसरीच आहे. लिहिणाऱ्याला शेवट माहीत नसतो. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि मेलेली जाऊ जिवंत होते. शेवट ठाऊक नसला की मधला कुठलाच प्रसंग खऱ्या अर्थानं होत नाही, नुसता लांबतो. आणि गाव? गाव म्हणजे एक वाडा, एक तालीम, तांबडा रस्सा आणि तोंडी लावायला 'नाद खुळा'.

शेवट असलेल्या मालिका आपल्याकडं नव्हत्या असंही नाही. १९८८ साली दूरदर्शनवर गोविंद निहलानींची फाळणीवरची 'तमस' आली तेव्हा मिनी-मालिका हा शब्दसुद्धा कुणाच्या तोंडी नव्हता. ती बंद करा म्हणून लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः बसून बघितली आणि दाखवू दिली. सर्वोच्च न्यायालयानंही ती अडवली नाही. अलीकडच्या 'स्कॅम १९९२'चे दहा भाग माडीनं पाच शनिवारांत संपवले. म्हणजे नियम मोडला. त्याबद्दल इथं कुणी बोलत नाही.

'द सोप्रानोज'च्या शेवटाची मात्र गंमत झाली. ८६ भाग, जवळपास पावणेदोन वर्षं शनिवारची बैठक. शेवटच्या प्रसंगात सगळं कुटुंब हॉटेलात जमतंय, दाराची घंटा वाजते, नायक टोनी मान वर करतो आणि चादर एकदम काळी. आवाजही बंद. एकजण उठून खिडकीतून गल्लीतले दिवे बघायला लागला, दुसरा जिन्यातला फ्यूज तपासायला खाली पळाला. लाईट गेली नव्हती. मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस यानं ती तिथंच तोडली होती. २००७ साली अमेरिकेतही लोकांना आपली केबल गेली असंच वाटलं होतं. माडी त्या रात्री दुभंगली. टोनी मेला म्हणणारे आणि नाही म्हणणारे अजून एका बाकड्यावर बसत नाहीत.

(दृश्य : साखर कारखान्याचं धुराडं, गळीत हंगाम, पहाट.)

खुर्चीवरचे दुसरे काका साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमधून निवृत्त झालेत. मालिका बघताना ते बहुतेक वेळा डुलक्या काढतात. अणुवीज केंद्रातल्या अपघातावरच्या 'चेर्नोबिल'चे पाचही भाग मात्र त्यांनी डोळे फाडून बघितले. काही वेळा तर पडद्याआधी तेच सांगायचे.

२६ एप्रिल १९८६, रात्री १ वाजून २३ मिनिटं. ज्या चाचणीत अणुभट्टी फुटली, ती खरं तर दिवसपाळीसाठी ठरली होती. पण किव्हच्या वीज नियंत्रकानं सांगितलं, आत्ता वीज हवी आहे, थांबा. चाचणी दहाएक तास पुढं ढकलली गेली आणि जिची काही तयारीच नव्हती त्या रातपाळीच्या पदरात पडली. अणुभट्टी वगैरे समजायच्या आधीच काका म्हणाले, "पाळी बदलली. झालं. आता साहेब काय बी सांगू दे, हात पोरांचा अडकणार."

मग ते ३.६ रंट्गेन, म्हणजे किरणोत्साराचं माप. स्फोटानंतर हातात असलेलं यंत्र तेवढंच दाखवू शकत होतं, त्याच्या पुढं काट्याला जागाच नव्हती. वरच्यांनी तोच आकडा खरा धरला, कारण तो सोयीचा होता. काकांनी मोठ्यानं शिवी हासडली. दुभाषी भाचीनं ती भाषांतराविना सोडून दिली.

आणखी एक गोष्ट काकांनीच पकडली. मागं वाजतंय ते संगीत नाही, पंपाचा आवाज आहे, असं ते अडून बसले. आम्ही हसलो. नंतर कळलं की संगीतकार हिल्डर गुड्नाडोट्टिर लिथुआनियातल्या इग्नालिना इथल्या बंद अणुवीज केंद्रात गेली होती आणि तिथलेच आवाज ध्वनिमुद्रित करून तिनं ते संगीत रचलं. काही चित्रीकरणही त्याच केंद्रात झालं होतं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग मी काय म्हणत होतो?"

त्या रात्री चहाच्या टपरीवर गाडी आपल्याच गावावर आली. आकड्यांचं म्हणाल तर इथल्या पोरालाही विचारा : पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, पुराचा इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. ऑगस्ट २०१९. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी, गाव बेटासारखं, आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर तासातासाला तो एक आकडा. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पाच भाग सहज होतील, भाची म्हणाली. एक भाग नुसता धरणाच्या दरवाज्यांचा. एक शिरोलीच्या पुलावर अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरांचा.

मग 'वायर'सारखे सीझन पाडायला सगळेच सरसावले. एक ऊसदराचा. एक महापालिकेचा. एक फुटबॉलचा, पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं तिथून सुरू होणारा, कारण कुठल्या पेठेत कुणाचं चालतं ते त्या गॅलरीत बसल्यावरच कळतं. पहिल्या भागात पैलवान नको, यावर एकमत झालं. दुसऱ्या भागात असावा की नाही यावर मारामारी व्हायची बाकी होती.

(दृश्य : माडी. कौलांवर पाऊस. जुलै.)

आज 'वायर'चा चौथा सीझन सुरू होतोय, दुसऱ्यांदा. शाळेचा. काकांनी खुर्ची पकडलीय. भाचीनं रिमोट हातात घेतलाय आणि सवयीनं आधी मोबाईल बघितलाय.

"बंधारा किती?"

"अडतीस फूट चार इंच."

"अजून आठ इंच हायत. लाव."