दिवस पाळणं

नमस्कार.

हा शब्द मी आज मोजून वापरते आहे. दारावरचे रखवालदार, खुर्च्या लावणारी दोन मुलं, ध्वनिक्षेपकाची वायर जोडणारे गृहस्थ, जिन्यात मला वाट करून देणाऱ्या आजी, अशा नऊ जणांना सभागृहात शिरेपर्यंत नमस्कार करून झाला. दहावा तुम्हा सगळ्यांना मिळून.

दहाच का, तर आज २१ नोव्हेंबर आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात इजिप्त आणि सीरिया एका बाजूला, इस्रायल दुसऱ्या बाजूला, असं युद्ध झालं. ते पाहून अमेरिकेतल्या ब्रायन आणि मायकल मॅकॉर्मॅक या दोन भावांनी त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला ‘वर्ल्ड हॅलो डे’ सुरू केला. भांडण बंदुकीने नाही, बोलण्याने मिटवा, हे त्यांना सांगायचं होतं. त्यासाठी त्यांनी मोर्चा काढला नाही. एवढंच म्हणाले, की आजच्या दिवशी दहा माणसांशी आपणहून बोला. वर्गणी नाही, झेंडा नाही, सभासदत्व नाही. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी आजही हा दिवस कुणी ना कुणी पाळतं.

‘पाळतं’ म्हणाले मी. आपल्या भाषेत दिवसाला दोन क्रियापदं आहेत. दिवस साजरा करतात, आणि दिवस पाळतात. साजरा करायला चार माणसं लागतात, रोषणाई लागते, थोडा खर्च लागतो. पाळायला एक माणूस पुरतो. आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो, तसाच दिवस. मोठे सण साजरे होतात आणि ते व्हायलाच हवेत. मला आज बोलायचं आहे ते दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेल्या, किंवा छापलेल्याही नसलेल्या दिवसांबद्दल. हे दिवस पाळायचे असतात, असं माझं ठाम मत झालं आहे.

असे दिवस किती आहेत? एकट्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत दोनशेच्या घरात आहेत. त्याशिवाय संस्थांनी, मित्रमंडळींनी, एकेकट्या माणसांनी सुरू केलेले किती, याची मोजदाद नाही, कारण नवा दिवस सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. मग निवडायचं कसं? मी प्रत्येक दिवसाला दोन प्रश्न विचारते. हीच तारीख का? आणि या दिवशी माझ्या हाताला काम काय?

तारखेचं उत्तर कधी कधी इतकं सुरेख असतं, की ऐकताक्षणी तो दिवस आपला होतो. दुर्मीळ आजारांचा दिवस घ्या. युरोपातल्या रुग्णसंघटनांनी तो पहिल्यांदा पाळला २९ फेब्रुवारी २००८ ला. चार वर्षांतून एकदा येणारी तारीख, दुर्मीळ आजारांसाठी दुर्मीळ दिवस. इतर वर्षी तो फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी येतो. किंवा संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा दिवस, वर्षातला २५६ वा. संगणकाच्या एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणजे शून्य किंवा एक अशा आठ जागा, आणि त्यांत बरोबर २५६ वेगवेगळ्या किमती मावतात, म्हणून. एरवी तो १३ सप्टेंबरला येतो, लीप वर्षात १२ ला. रशियात २००९ पासून त्याला सरकारी मान्यता आहे.

आणि मग गणितातला पाय. वर्तुळाचा परीघ भागिले व्यास. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ काम करत. १९८८ साली १४ मार्चला त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन एका गोलाभोवती प्रदक्षिणा घातली आणि ‘पाय डे’ सुरू झाला. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून ती तारीख ३/१४ होते. पुढे २०१९ मध्ये युनेस्कोने १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिन ठरवला. पण जगातले पुष्कळ लोक दिवस आधी लिहितात. त्यांच्यासाठी दुसरी तारीख आहे, २२ जुलै. २२/७. आणि गंमत अशी, की पायच्या खऱ्या किमतीशी ताडून पाहिलं तर ३.१४ पेक्षा २२/७ जवळचा निघतो! पहिल्यात सुमारे ०.००१६ ची चूक, दुसऱ्यात ०.००१३ ची. या दिवशी हाताला कामही आहे. एखाद्या डब्याच्या झाकणाभोवती दोरा गुंडाळायचा, तो झाकणाच्या रुंदीवर तीन वेळा ठेवायचा आणि उरलेल्या छोट्याशा तुकड्याकडे बघायचं. मोठ्या माणसांनीही करून पाहावं. तो तुकडा प्रत्येक गोल वस्तूत त्याच प्रमाणात उरतो, हे वाचणं वेगळं आणि चिमटीत धरणं वेगळं.

आता मी ज्या दिवसापाशी सगळ्यात जास्त थांबते, त्याबद्दल सांगते. ४ जानेवारी.

१८०९ साली या दिवशी फ्रान्समधल्या कूव्रे गावात लुई ब्रेलचा जन्म झाला. वडील चामड्याचं काम करायचे, घोड्यांचे साज बनवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या खोलीत खेळत असताना टोकदार हत्यार त्याच्या डोळ्यात गेलं. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला, आणि काही काळातच त्याची दृष्टी पूर्ण गेली. पुढे पॅरिसच्या अंधशाळेत त्याला शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची लिपी भेटली. तिच्यात एका खुणेसाठी बारापर्यंत टिंबं असत. ती बोटाच्या एका स्पर्शात मावत नव्हती. लुईने टिंबं सहावर आणली. तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी, आणि त्यांतून त्रेसष्ट वेगवेगळ्या खुणा. त्याची लिपी आकाराला आली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. कागदावर ही टिंबं हाताने उठवायला टोचणीच लागते, ज्या जातीच्या हत्याराने डोळा गेला, त्याच जातीची.

तो गेला ६ जानेवारी १८५२ ला, त्रेचाळीस पूर्ण झाल्यावर दोन दिवसांनी. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये. त्याने स्वतः ते पाहिलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी ४ जानेवारी हा ब्रेल दिन ठरवला आणि तो पहिल्यांदा पाळला गेला २०१९ मध्ये, म्हणजे त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.

या दिवसाचं माझं काम ठरलेलं आहे. लिफ्टमध्ये शिरायचं, डोळे मिटायचे आणि बटणांशेजारची टिंबं बोटाने वाचायची. पहिल्या वर्षी मला नुसतं काहीतरी खरखरीत लागलं. दुसऱ्या वर्षी मी आधी घरी आकडे शिकून गेले. ब्रेलमध्ये पहिल्या दहा अक्षरांच्याच खुणा आकड्यांसाठी वापरतात, फक्त आधी ‘पुढे आकडा आहे’ असं सांगणारी खूण येते. त्या वर्षी मला एक ते पाच ओळखता आले. तिसऱ्या वर्षी एका इमारतीच्या लिफ्टमध्ये बोट फिरवताना काहीच जुळेना. मला वाटलं, विसरले. डोळे उघडून मजल्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, तर टिंबांची पट्टी उलटी चिकटवलेली होती. खालची बाजू वर. किती महिने तशी असेल कोण जाणे. बघणाऱ्या माणसांना ते कळण्याचा प्रश्नच नव्हता आणि ज्यांना कळलं असेल, त्यांनी सांगितलं तरी ऐकलं असेल का, ठाऊक नाही. मी तिथल्या व्यवस्थापकांना बोलावून दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात पट्टी सुलटी झाली.

मी त्या दिवशी शुभेच्छांचं चित्र पुढे पाठवून थांबले असते, तर ती पट्टी तशीच राहिली असती. म्हणून मी कामाचा प्रश्न इतका लावून धरते.

१३ ऑगस्टला डावखुऱ्यांचा दिवस असतो. तुम्ही उजवे असाल तर त्या दिवशी नेहमीची कात्री डाव्या हातात धरून कागद कापून पाहा. कात्रीची पाती अशी जोडलेली असतात, की उजव्या हाताच्या दाबाने ती एकमेकांना घट्ट घासतात. डाव्या हातात तोच दाब त्यांना फाकवतो, कागद कापला न जाता मुडपतो. वर कापायची रेघही पात्यामागे लपते. पाच मिनिटांत कळतं, की वर्गातलं एखादं मूल ‘वेंधळं’ नव्हतं, त्याच्या हातात दुसऱ्याच्या हाताची वस्तू होती.

काही दिवसांच्या नावालाच माणसं हसतात. परवाचा, १९ नोव्हेंबरचा, जागतिक शौचालय दिन त्यातला. सिंगापूरच्या जॅक सिम यांनी २००१ साली याच तारखेला जागतिक शौचालय संघटना स्थापन केली. हा विषय चारचौघांत काढला की लोक तोंड फिरवतात किंवा हसतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी ठरवलं, हसू दे, हसताना तरी ऐकतील. बारा वर्षांनी, २०१३ मध्ये, सिंगापूरने मांडलेल्या ठरावावर संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस मान्य केला. २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे जगातल्या सुमारे साडेतीन अब्ज माणसांना सुरक्षित स्वच्छतेची सोय नाही. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे एकट्याने काय करायचं? आपण रोज वापरतो ती जागा कोण स्वच्छ करतं, त्या व्यक्तीचं नाव आपल्याला माहीत आहे का, इथून सुरुवात करता येते. मला माझ्या कामाच्या ठिकाणी ते नाव कळायला अकरा वर्षं लागली होती. याची मला अजून खंत वाटते.

आता एक सावधगिरीची गोष्ट. मातृदिनाची. हा दिवस कमी ज्ञात नाही, पण एके काळी होता. अमेरिकेतल्या ॲना जार्व्हिस यांची आई १९०५ मध्ये वारली. १९०८ च्या मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावी, आईच्या चर्चमध्ये तिच्या आठवणीत प्रार्थना झाली. ॲनाने तिथे पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली, आईच्या आवडीची. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार मातृदिन म्हणून जाहीर केला. तिचा आग्रह असा, की हा दिवस ‘मातांचा’ नाही, प्रत्येकाच्या एका आईचा आहे. घरी जा, किंवा स्वतःच्या हाताने पत्र लिहा. पण फुलवाले, मिठाईवाले आणि छापील शुभेच्छापत्रं विकणारे पुढे आले आणि दिवस त्यांच्या हातात गेला. ॲनाने उरलेलं आयुष्य आपणच सुरू केलेल्या दिवसाच्या बाजाराशी भांडण्यात घालवलं, कोर्टकचेऱ्या केल्या, एकदा अटकही ओढवून घेतली. १९४८ मध्ये ती वारली तेव्हा तिच्याजवळ पैसा उरला नव्हता.

मातृदिन वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्या दिवशी हाताला एकच काम सांगितलं जातं आणि ते म्हणजे विकत घेणं, तो मी माझ्या वहीत लिहीत नाही, एवढंच.

त्या वहीबद्दलही सांगते. एका वर्षी मी रोज एक दिवस पाळायचा असं ठरवलं होतं. ते चुकलं. फेब्रुवारी संपेपर्यंत प्रत्येक दिवसापुढे खूण करणं एवढंच उरलं. आता मी वर्षाला बारा घेते, महिन्याला एक, आणि त्यातले चार-पाच दरवर्षी बदलते. २० मे मात्र कायम आहे. १८७५ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये सतरा देशांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या, म्हणून तो मापनशास्त्राचा दिवस. आणि २०१९ च्या त्याच तारखेपासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली. तोवर पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा एक दंडगोल म्हणजे किलो, असं होतं. आता ती व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या राशीवर, उभी आहे. त्या दिवशी मी घरातले सगळे तराजू आणि टेप एकमेकांशी ताडून बघते. त्याच तारखेला मधमाश्यांचाही दिवस असतो, आधुनिक मधमाशीपालनाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, स्लोव्हेनियाचे अँतोन यान्शा यांच्या आठवणीचा. म्हणून तराजूंनंतर फुलांपाशी जाऊन थोडा वेळ उभं राहायचं.

शेवटी एक दिवस सांगते, जो कुठल्याच यादीत नाही. माझी आत्या साठी उलटेपर्यंत अंगठा लावायची. नातीच्या पाटीवर ती अक्षरं शिकली आणि एका ९ सप्टेंबरला तिने पहिल्यांदा एका अर्जावर सही केली. त्यानंतर दर ९ सप्टेंबरला ती नवी वही काढायची, पहिल्या पानावर स्वतःचं पूर्ण नाव लिहायची, खाली तारीख घालायची आणि वही मिटून ठेवायची. कुणाला बोलवायची नाही. ती गेल्यावर कपाटात अशा चौदा वह्या निघाल्या. पहिल्या वहीतलं नाव ओळ सोडून खाली उतरलं आहे. चौदाव्या वहीत ते सरळ आहे, आणि आडनावाखाली तिने एक छोटी रेघ ओढली आहे, मोठी माणसं सहीखाली ओढतात तशी.