लाकडी माशाची जवारी

नमस्कार मंडळी.

मागच्या वर्षी एका रात्री अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. उचलल्या उचलल्या ओरडला, "मामा, बास!" मी म्हटलं, अरे, अजून तू काही बोलला नाहीस, मी काही बोललो नाही, आणि बास कसलं? तर बास म्हणजे पुरे नव्हे. बास नावाचा मासा. भाचा जॉर्जिया राज्यात असतो, तिथल्या तळ्यांत हा सापडतो. हिरवट अंग, कुशीवरून गेलेली काळी पट्टी, आणि जबडा एवढा मोठा की तोंड मिटलं तरी त्याचा कोपरा डोळ्याच्या मागं जातो. याच जॉर्जियात 1932 साली जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं बावीस पौंड चार औंसांचा, म्हणजे जवळजवळ दहा किलोंचा बास धरला होता. पुढं 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात तेवढ्याच वजनाचा एक मिळाला. अधिकृत नोंदीत त्यापेक्षा मोठा अजून नाही.

गांडूळ नाही, कणीक नाही. हा मासा धरायला पाण्यात लाकडाचा मासा ओढतात. त्याला तिकडं ल्यूर म्हणतात. भाचा म्हणाला, "मामा, दुकानातले झाले वापरून. तुमचा हात लाकडात चालतो, तर मला एक करून द्या ना."

माझा हात लाकडात चालतो हे खरं. मी मिरजेत तंबोरे दुरुस्त करतो. तारांखालची घोडी बदलायची, तडकलेला भोपळा सांधायचा, जवारी काढायची, म्हणजे तार घुमून बोलावी म्हणून घोडी घासून जुळवायची, असली कामं. आणि रविवारी हरिपूरला, जिथं वारणा कृष्णेला मिळते तिथं, गळ टाकून बसायची सवय लहानपणापासूनची. तेव्हा मला वाटलं, चार बोटांचा मासा कोरायला कितीसा वेळ लागणार?

पहिला मासा तुणीच्या लाकडाचा केला. तंबोऱ्याच्या दांडीतून उरलेला तुकडा होता. खवले कोरले, डोळे बसवले आणि वर चपडा लाखेच्या पॉलिशचे सात हात दिले. असा देखणा झाला की शेजारचे बघायला आले. पाण्याच्या हौदात सोडला, तर जेवण जास्त झालेल्या पाहुण्यासारखा कुशीवर आडवा झाला. रात्रभर तसाच राहिला, आणि सकाळी बघतो तर अंगभर पांढरा पडलेला. लाखेला पाणी लागलं की ती पांढरी पडते. चाळीस वर्षं मी लाख लावतोय, पण तंबोरा कधी हौदात बुडवला नव्हता, मग कळणार कसं?

दुसरा केला पांगाऱ्याचा. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्याची करत आले तोच हा पांगारा, हलका आणि मऊ. अमेरिकेत या कामाला बाल्सा वापरतात, ते त्याहून हलकं. हलकं लाकूड का, तर पाण्याचा जरासा धक्का बसला तरी ते अंग हलवतं. जड लाकूड मख्खपणे ओढत येतं. पण नुसतं हलकं असून भागत नाही. पोटाच्या बाजूनं चीर पाडून त्यात शिशाचा तुकडा बसवावा लागतो, म्हणजे पाठ वर आणि पोट खाली राहतं. शिसं कमी पडलं तर मासा लोळतो, जास्त झालं तर मुक्यानं सरळ चालतो. शिसं वितळवायला मी स्वयंपाकघरातली पळी घेतली होती. त्यावरून घरात जे झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही, पण चूक माझीच होती. शिसं विषारी. ते स्वयंपाकघरात न्यायचंच नाही, आणि हात लावला तर साबणानं धुवायचे.

आता खरी गंमत जिभेत आहे. या ल्यूरच्या हनुवटीखाली पुढं आलेली एक पट्टी असते, तिला मी जीभ म्हणतो. ओढताना पाणी तिच्यावर आपटतं आणि मासा डावीकडं उजवीकडं डोलायला लागतो. जीभ लांब आणि अंगाच्या रेषेत पुढं असेल तर मासा खोल बुडी मारतो. आखूड आणि उभी असेल तर वरच्या वर पोहतो. मी जुन्या सीडीची कापली. सीडीचं प्लास्टिक चिवट असतं, चटकन तुटत नाही. कुठल्या तरी लग्नाची सीडी होती, नवरा-नवरीला कळू नये म्हणजे झालं. दोरी बांधायची नाकातली कडी मात्र जाड स्टीलच्या तारेची हवी. सितारीची तार लावून पाहिली, बारीक पडते, मोठ्या माशापुढं सरळ होते.

एवढं सगळं करून हौदात ओढला, तर मासा दर वेळी उजवीकडच्या भिंतीला जाऊन धडकायचा. पुन्हा कोरावा लागणार असं वाटलं. भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, लाकडाला हात लावू नका. कडी किंचित वाकवा. मासा जिकडं जातो त्याच्या उलट्या बाजूला." पक्कड घेतली आणि केसभर डावीकडं वाकवली. मासा सरळ आला.

मंडळी, त्या क्षणी मी हौदाच्या काठावर बसलो आणि एकटाच हसलो. अहो, ही तर जवारी! तंबोऱ्याचा आवाज बंद वाटला तर आम्ही भोपळा बदलत नाही. घोडीच्या अंगावरून कानस एकदा फिरवतो, तारेखालचा सुताचा दोरा जवभर पुढं-मागं सरकवतो, आणि तार बोलायला लागते. इथंही तेच. माझ्या कोरलेल्या खवल्यांचं माशाला काहीही पडलेलं नाही. तो चाल बघतो, आणि ती काढायला पक्कड लागते.

रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर माणसं उगाच रात्र रात्र वाद घालतात. पाणी नितळ असेल तर साधे, चंदेरी रंग. गढूळ असेल तर काळा किंवा एकदम भडक. बासला लाल आणि हिरवा हे रंग चांगले वेगळे कळतात, पण गडद निळा आणि काळा यांत त्याची गल्लत होते. तेव्हा निळ्याच्या सतरा छटा काढत बसू नका. चमक हवी म्हणून मी भडंगाच्या पाकिटाचा आतला चंदेरी कागद चिकटवला. फिनलंडच्या लाउरी रापाला या कोळ्यानं 1936 च्या सुमाराला चॉकलेटच्या कागदाची चांदी आपल्या बुचाच्या माशाला लावली होती, पुढं त्याची जगभर कंपनी झाली. आपल्याकडं चॉकलेटच्या जागी भडंग, एवढाच फरक. वरून लाख नाही, दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी. ते ओघळू नये म्हणून सुकेपर्यंत मासा हातानं फिरवत राहायचा. माझा एक मासा रेडिओवरचा अख्खा पुरिया धनाश्री संपेपर्यंत फिरत होता.

आपल्या नदीत बास नाही, आणि तो आणूही नये. जपानात 1925 साली तो आशी तलावात सोडला, आता तिथं तो जिवंत न्यायला कायद्यानं बंदी आहे, कारण तो स्थानिक मासे फस्त करतो. आपल्याकडं बाहेरून आलेल्या चिलापी माशानं काय केलंय ते नदीवर बसणाऱ्याला सांगायला नको. पण ल्यूरवर झेपावणारी आपली मरळ आहेच. तिच्यासाठी मी जीभ काढून टाकली, रबरी बेडूक केला, आणि गळाची टोकं त्याच्या पाठीला चिकटवून वळवली, म्हणजे तो पाणवनस्पतीत अडकत नाही. मरळ मधून मधून हवा घ्यायला वर येते. जिथं बुडबुडा फुटला, त्याच्या थोडा पुढं बेडूक टाकायचा.

फक्त पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला तर गळ गुंडाळून ठेवायचा. त्याच्याखाली आईबाप राखणीला असतात, भुकेनं नव्हे तर रागानं ल्यूरवर धावतात. ते धरले की सगळा पुंजका इतर माशांच्या पोटात. बासचंही तसंच आहे, तिथं खड्डा करून अंडी राखतो तो नर. आणि धरणाच्या पाण्यावर मासेमारीचा ठेका असतो, तिथं विचारल्याशिवाय बसू नका.

दिवाळीला भाचा आला होता, जाताना तो पांगाऱ्याचा मासा घेऊन गेला. परवा फोन आला. "मामा, बास!" या वेळी मी घाईनं काही बोललो नाही. चार पौंडांचा लागला होता. आणि दुसऱ्याच फेकीला ल्यूर बुडालेल्या ओंडक्यात अडकून तुटला. "अजून एक करा की. जीभ जरा लांब ठेवा, इथं पाणी खोल आहे."

तो नवा मासा आत्ता खिडकीत टांगलाय, इपॉक्सी ओलं आहे. हे बोलणं ध्वनिमुद्रित करायला येताना नातवाला फिरवायला बसवून आलोय. त्याचा हात दुखायच्या आत मला घरी पोचायला हवं. नमस्कार.