अर्ध्या तासाने सुरू होणारी सभा

नमस्कार श्रोतेहो.

सप्टेंबर आला की आमच्या जिन्याखालच्या फलकावर एक कागद लागतो: वार्षिक सर्वसाधारण सभा. ३० सप्टेंबरपर्यंत सोसायटीने ती घ्यायची असते. सकाळी दहाला चार खुर्च्या भरतात. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि साडेदहाला आहेत तेवढ्यांत उरकली जाते. कायद्याने हे चालतं. मीही वर्षानुवर्षं न जाणाऱ्यांतलीच. मेंटेनन्स वेळेवर भरला की आपलं कर्तव्य संपलं, असं मला वाटायचं.

मग एका पावसाळ्यात आमचं छत गळायला लागलं. देवघराच्या कोपऱ्यात आधी ओल आली, मग पोपडे सुटले, मग थेंब. निरांजन हलवून तिथे पातेलं ठेवलं, त्या दिवशी मला रडू आलं. कमिटीकडे गेले. "तुमचं घर, तुम्ही बघा," म्हणाले.

त्या रात्री मी प्रथमच उपविधींचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं पुस्तक उघडलं. पावसाच्या पाण्याची गळती थांबवणं हे संस्थेचं काम, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. दरमहा आपल्या बिलात दुरुस्ती निधी कापला जातो, तो ह्यासाठीच.

सभेत उठले तेव्हा हातातला कागद थरथरत होता. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "आमच्याकडे कुठे गळतंय?" मला उत्तर सुचेना. त्यांच्याच शेजारच्या आजी बोलल्या, "खालचा चेंबर तुंबला होता तेव्हा वरच्यांनीही पैसे भरले होते ना!" ठराव मंजूर झाला. काकांनीही हात वर केला.

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली, तेव्हापासून ही रीत आपल्याकडे रुजत आली. घर एका खोलीचं असो वा चार खोल्यांचं, सभासदाला मत एकच. माझ्या कपाटात शेअर सर्टिफिकेट आहे, पन्नास-पन्नास रुपयांच्या शेअर्सचं. त्या कागदाची खरी किंमत मला त्या सभेत कळली.

यंदा विषय मोठा आहे. इमारत आमची, पण खालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. बिल्डर पुढे आला नाही तरी ती संस्थेच्या नावावर करून घेता येते. त्यासाठी मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करायचा, तर सगळ्यांचे कागद लागतील.

सभा रविवारी दहाला आहे. काल मी वरच्या मजल्यापासून एकेक दार वाजवत खाली आले. तळमजल्यावर पोचायला दीड तास लागला. तीन घरी चहा झाला. काका म्हणाले, "दहाला पाच मिनिटं कमी असतानाच येतो."