हात गुंतलेले, कान मोकळे

श्रोतेहो, नमस्कार.

मी बोलतेय आणि तुम्ही ऐकताय, पण या क्षणी तुमच्यापैकी अनेकांचे हात कशात तरी गुंतलेले असणार. कोणी कपड्यांच्या घड्या घालत असेल, कोणी गाडीत असेल, कोणी कामाच्या टेबलाशी आवाज बारीक करून बसलं असेल. काम करता करता ऐकण्याची ही रीत रेडिओपेक्षाही जुनी आहे. १८६५ साली क्यूबामध्ये, हवानाच्या सिगार कारखान्यांत, कामगारांना वाचून दाखवणारा माणूस बसू लागला. शेकडो माणसं ओळीने बसून तंबाखूची पानं वळायची आणि उंच चौथऱ्यावरून हा वाचक आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी वाचायचा. त्याचा पगार मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. आणि काय वाचायचं हे ते मतदान घेऊन ठरवत. वर्षभरातच तिथल्या स्पॅनिश राजवटीला या वाचनाचा धसका बसला आणि त्यावर बंदी आली. पुढे बंदी गेली, वाचक परत आले.

काय ऐकायचं ते ऐकणाऱ्यांनी स्वतः ठरवलं, हे मला या हकिकतीत फार मोलाचं वाटतं. आज आपल्या खिशात जगभरचे पॉडकास्ट, म्हणजे फोनवर हवे तेव्हा ऐकता येणारे बोलके कार्यक्रम, आहेत, आणि तरी आपण ॲप उघडल्यावर समोर जे येईल त्यावर बोट ठेवतो. पाच मिनिटांत कंटाळतो, दुसरं लावतो, आणि तेवढ्यात उतरायचं ठिकाण येतं. चांगला पॉडकास्ट कसा शोधायचा, असं मला पुष्कळ जण विचारतात. त्यावर मी आधी त्यांनाच विचारते, ऐकताना तुम्ही काय करत असता?

हा प्रश्न मी एका चुकीतून शिकले. मी मुद्रितशोधक आहे, पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची प्रूफं वाचणं हे माझं काम. रोज जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास प्रवास. पॉडकास्टची गोडी लागली तेव्हा प्रवास पुरेना, म्हणून मी कामाच्या टेबलावरही ऐकायला लागले. एकदा एक सुंदर मुलाखत ऐकत मी एका पुस्तकाचा अख्खा फर्मा, म्हणजे सोळा पानं, तपासून दिला. नंतर लेखकानेच दाखवलं की एक ओळ लागोपाठ दोनदा आली आहे. माझी नजर दोन्ही वेळा तिच्यावरून गेली होती. मला त्याहून जास्त लागलं ते हे, की त्या मुलाखतीतलंही मला काही आठवत नव्हतं. दोन्ही कामं केली आणि दोन्हींतलं काहीच झालं नाही.

असं का होतं, याचा अभ्यास खूप आधी झालेला आहे. कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये लोकांच्या एका कानात एक मजकूर आणि दुसऱ्या कानात दुसरा मजकूर ऐकवला. एका कानातलं ऐकून लगेच मोठ्याने म्हणायचं, असं सांगितलं होतं. ते लोकांना जमलं. पण दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते त्यांना सांगता येईना. मधेच इंग्रजीची जर्मन झाली तरी पत्ता लागला नाही. पुढे १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या मानसशास्त्रज्ञांनी तात्पुरत्या स्मरणाचं एक चित्र मांडलं. त्यात शब्दांसाठी एक वेगळा छोटा कप्पा आहे. मनातल्या मनात वाचताना आपण जो आवाज ऐकतो तो याच कप्प्यात घोळत असतो. कानावर पडणारं बोलणंही तिथेच येतं. म्हणून वाचन आणि ऐकणं एकमेकांच्या पायात येतात. इस्त्री करताना तसं होत नाही, कारण इस्त्रीला शब्द लागत नाहीत.

तेव्हा शोधायला बसण्याआधी आपल्या दिवसाकडे एकदा नीट पाहा. ज्या कामात हात आपोआप चालतात, म्हणजे झाडलोट, भांडी, शिवणकाम, पॅकिंग, लांबचं चालणं, तिथे सगळ्यात गंभीर आणि सगळ्यात लांब गोष्ट लावा. हा वेळ सोन्यासारखा असतो आणि लोक नेमके तिथेच काहीतरी फुटकळ लावतात. आकडे भरणं, फायली लावणं अशा अर्ध्या लक्षाच्या कामाला हलक्या गप्पा चालतात, दोन मिनिटं निसटली तरी बिघडत नाही. आणि लिहिणं, वाचणं, हिशेब तपासणं असेल तर बोलकं काहीही नको. मी आता प्रूफं वाचताना इअरफोन ड्रॉवरमध्ये ठेवते.

प्रवासाचेही प्रकार आहेत. बसायला जागा आणि सलग चाळीस मिनिटं मिळत असतील तर एका विषयावरची पूर्ण चर्चा ऐकून होते. बीबीसी रेडिओचा 'इन अवर टाइम' हा कार्यक्रम १९९८ साली सुरू झाला. एक सूत्रधार आणि सहसा तीन अभ्यासक, एका भागाला एकच विषय. तो कधी कृष्णविवर असेल, कधी एखादी विसरलेली लढाई. मेल्विन ब्रॅग यांनी तो पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालवला. पाहुणे भरकटले की ते किती पटकन त्यांना मुद्द्यावर आणायचे, ते ऐकण्यासारखं आहे. याउलट दोन गाड्या बदलायच्या असतील तर लहान तुकडे बरे. बीबीसीने ब्रिटिश म्युझियमबरोबर २०१० मध्ये केलेली शंभर वस्तूंमधून जगाचा इतिहास सांगणारी मालिका अशीच आहे. एका भागात एक वस्तू, सुमारे पंधरा मिनिटं. मी ती रोज दोन, असं करत संपवली आणि संपल्यावर मला चुकल्यासारखं झालं.

आता शोधण्याबद्दल. लोकप्रियतेच्या याद्या मी बघते, पण त्यांच्यावर विसंबत नाही. ती यादी आज पुष्कळ लोक काय ऐकतायत एवढंच सांगते. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो माणसांच्या मागे जाण्याचा. एखाद्या भागात पाहुणा आवडला, की त्याचं नाव ॲपच्या शोधखिडकीत टाकायचं. तोच माणूस आणखी चार ठिकाणी बोललेला सापडतो, आणि त्यातलं एखादं ठिकाण असं निघतं की जिथे प्रश्न विचारणाराही तितकाच जाणता असतो. मग तो कार्यक्रम आपला. भाग संपताना जी नावं वाचली जातात तीही ऐकत जा. संशोधन कोणाचं, संकलन कोणाचं, निर्मिती कोणाची, हे आपण घाईघाईने पुढे ढकलतो. पण चांगलं ऐकू येण्यामागे तीच माणसं असतात आणि ती एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जातात.

आपल्या भाषेत शोधत असाल तर शब्द देवनागरीत टाका आणि मग तोच शब्द रोमन लिपीत टाकून पुन्हा शोधा. करणाऱ्याने नाव ज्या लिपीत दिलं असेल त्याच लिपीत ते नीट सापडतं. नुसत्या देवनागरीत शोधून 'मराठीत काही नाही' म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांना मी दुसऱ्या लिपीत शोधून दाखवलं आणि समोर पानभर यादी आली.

नवा कार्यक्रम पारखायचा कसा? पहिल्या भागावरून नको. पहिल्या भागात करणारा अजून शिकत असतो, आवाजही धड नसतो. सगळ्यात ताजा भागही नको. तुम्हाला ज्यातलं चांगलं कळतं अशा विषयावरचा मधलाच एखादा भाग लावा. मी भाषेवरचा किंवा छपाईवरचा भाग शोधते. त्यात सांगणाऱ्याने अभ्यास केलाय की इकडचं तिकडचं उचललंय, हे मला दहा मिनिटांत कळतं. तिथे तो खरा उतरला तर मला न कळणाऱ्या विषयांतही मी त्याच्यावर भरवसा टाकते. तिथे त्याने ठोकून दिलं असेल, तर आवाज कितीही गोड असो, मी थांबते. याला अपवाद एकच, क्रमाने उलगडणारी गोष्ट. २०१४ मध्ये आलेला 'सिरियल' हा एका जुन्या खून खटल्याचा मागोवा. तो मधून ऐकून काही हाती लागणार नाही. अमेरिकेत रेडिओ आणि दूरचित्रवाणीतल्या उत्तम कामाला मिळणारा पीबॉडी पुरस्कार मिळवणारा तो पहिला पॉडकास्ट. अशा गोष्टी पहिल्या भागापासूनच ऐकाव्यात.

बंद पडलेल्या कार्यक्रमांकडे पाठ फिरवू नका, हे मला आवर्जून सांगायचंय. पुष्कळ पॉडकास्ट थोडे भाग करून थांबतात, ते सोडा. पण काही ठरवून संपवलेले असतात. माइक डंकन यांनी २००७ पासून २०१२ पर्यंत रोमचा इतिहास १७९ भागांत सांगितला आणि गोष्ट संपली तेव्हा थांबले. रोज ये-जा करणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? पुढच्या आठवड्याची वाट पाहायची नाही, पुस्तकासारखं एकेक प्रकरण पुढे जायचं. पीटर ॲडमसन यांनी २०१० मध्ये तत्त्वज्ञानाचा इतिहास एकही टप्पा न गाळता सांगायला घेतला. त्यात भारतीय तत्त्वज्ञानाचे भागही आहेत. भाग बहुधा वीसेक मिनिटांचे. मला तत्त्वज्ञानाचं पुस्तक उघडायची भीती वाटायची, ती यानं गेली.

थोडं यंत्राबद्दल सांगते, कारण ते कळलं की आपण कोणत्याही एका ॲपचे बांधील राहत नाही. पॉडकास्ट म्हणजे ध्वनीच्या फायली आणि त्यांची एक यादी. त्या यादीला आरएसएस फीड म्हणतात. नवा भाग आला की यादीत एक ओळ वाढते, आणि आपलं ॲप ती यादी अधूनमधून वाचून फाइल आणून ठेवतं. सॉफ्टवेअर बनवणारे डेव्ह वाइनर आणि निवेदक ॲडम करी यांनी हे जुळवून आणलं. 'पॉडकास्टिंग' हा शब्द बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये 'द गार्डियन'मधल्या लेखात सुचवला होता. २००५ साली 'पॉडकास्ट' हा न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीचा वर्षाचा शब्द ठरला. यादी उघडी असल्यामुळे बहुतेक कार्यक्रम कुठल्याही ॲपमध्ये ऐकता येतात. तुम्ही फॉलो केलेल्या कार्यक्रमांच्या यादीची फाइल अनेक ॲप तुम्हाला काढून देतात, तिचं नाव ओपीएमएल. ती वर्षातून एकदा काढून ठेवा. २०२४ मध्ये गुगलने आपलं पॉडकास्टचं ॲप बंद केलं तेव्हा दुसऱ्या ॲपवर जाताना हीच फाइल ऐकणाऱ्यांच्या कामी आली.

रात्री घरच्या वायफायवर दुसऱ्या दिवसाचे दोन-तीन भाग उतरवून ठेवायची मी सवय लावून घेतली आहे. १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट माहिती असलेली, फाइल मिनिटाला साधारण एक एमबी होते, म्हणजे तासाभराच्या भागाला साठेक एमबी. बोगद्यात, गर्दीत, रेंज गेली तरी अडत नाही. आणि निवड रात्री शांतपणे होते, सकाळी दारात चपला घालताना होत नाही. गाडी चालवणाऱ्यांनी तर रांग लावूनच निघावं. चालत्या गाडीत भाग बदलण्यासाठी फोन हातात घेऊ नये. चालत किंवा सायकलवर असाल तर एक कान रस्त्यासाठी मोकळा ठेवा.

वेगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. साधं बोलणं मिनिटाला सुमारे दीडशे शब्दांचं असतं. दीडपट वेग केला की सव्वादोनशे होतात. माहितीच्या कार्यक्रमात थोडा वेग मी समजू शकते. पण मुलाखतीत आणि गोष्टीत नको. आणि बोलण्यातल्या शांत जागा कापून टाकणारी जी सोय ॲपमध्ये असते, ती मुलाखत ऐकताना बंदच ठेवा. प्रश्न विचारल्यावर माणूस चार सेकंद गप्प बसतो आणि मग उत्तर देतो. त्या चार सेकंदांत त्याचं उत्तर तयार होत असतं. ते कापल्यावर शब्द तेच राहतात आणि माणूस निघून जातो.

कानांची काळजी तर घ्यायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसांनी ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला चाळीस तास ऐकलं तर चालतं. तोच आवाज ९० वर गेला की आठवड्याला चारच तास. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज नकळत वाढवत नेतो. त्यापेक्षा बाहेरचा गोंगाट अडवणारे, कानात नीट बसणारे इअरफोन घ्या. ज्या भागात बोलणं फार दबक्या आवाजात असेल, तो घरी ऐकण्यासाठी ठेवा.

माझं म्हणाल तर सध्या सकाळी एक लांब मुलाखत चालू आहे, एका वनस्पतिशास्त्रज्ञाची. आज ऑफिसच्या पायऱ्या चढताना ती दलदलीतल्या एका झाडाविषयी सांगत होती, आणि वाक्याच्या मध्येच मी इअरफोन काढून ड्रॉवरमध्ये टाकले. टेबलावर तीन फर्मे वाचायचे पडले होते. आता ते झालेत. इथून निघाले की बटण दाबीन आणि ते वाक्य पुरं होईल.

नमस्कार.