दोन मणके, एक धमनी आणि स्क्रूची वाट

(आर्वी इथं ग्रामीण भागातले डॉक्टर, परिचारिका आणि रेडिओग्राफर यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, ही दोन हाडं रांगेतून फिरू द्या. नुसती बघून पुढे सरकवू नका, एकमेकांवर बसवून पाहा. वरचं कडं म्हणजे मानेचा पहिला मणका, अ‍ॅटलस. खालचा दुसरा, अ‍ॅक्सिस. त्याच्यातून जो सुळका वर आलाय तो ओडोंटॉइड. घरात जातं पाहिलेल्यांना हे लगेच उमजेल: वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते, तसा अ‍ॅटलस या सुळक्याभोवती फिरतो. आपण मान वळवून मागे बघतो त्यातली जवळपास निम्मी फिरकी या एकाच सांध्यातली आहे.

आता हाडांच्या बाजूच्या छिद्रांतून ओवलेली लाल नळी बघा. साधी सलाईनची नळी आहे, शाईनं रंगवलेली. ही व्हर्टिब्रल धमनी, मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी. सहाव्या मणक्याच्या छिद्रात शिरली की तिसऱ्यापर्यंत ती जवळजवळ सरळ चढते. अ‍ॅक्सिसमध्ये मात्र बाहेर वळते, कारण अ‍ॅटलसची छिद्रं आणखी बाहेरच्या अंगाला आहेत. तिथून वर आली की मागे फिरते, अ‍ॅटलसच्या मागच्या कमानीवरच्या खोबणीतून आत येते आणि मग कवटीत शिरते. एवढी वळणं कशासाठी? मान फिरली तरी धमनी ताणली जाऊ नये म्हणून. ही ढील निसर्गानं ठेवली नसती तर मान वळवणं धोक्याचं झालं असतं. पण हे दोन मणके मोडले किंवा सैल झाले की ते स्क्रूनं एकमेकांना जखडावे लागतात, आणि सर्जनला स्क्रू जिथं बसवायचा असतो, नेमकी तिथंच ही वळणं आहेत. आजचं माझं सगळं बोलणं या एका अडचणीभोवती आहे.

स्क्रूची वेळ कोणावर येते? शेळ्यांसाठी पाला तोडताना झाडावरून पडलेला माणूस, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून फेकली गेलेली बाई, मोटरसायकलवरून घसरलेला पोरगा, बरीच वर्षं संधिवात अंगावर काढलेली आजी, मणक्याचा टीबी झालेला रुग्ण. जन्मापासून हा सांधा सैल असलेली मुलंही आपल्याकडे दिसतात. मान आखूड, मागचे केस खाली उतरलेले, आणि चालताना तोल जातो अशी हळूहळू वाढणारी तक्रार.

यातले कित्येक आपल्या पायांनी ओपीडीत येतात. “मान दुखून राह्यली जी, बाकी काई नाई.” यामागे शरीररचना आहे. अ‍ॅटलसच्या कड्याच्या आतली जागा ढोबळमानानं तीन वाट्यांची: एक वाटा सुळक्याचा, एक मज्जारज्जूचा आणि एक मोकळा. सुळका मोडून थोडा सरकला तरी त्या मोकळ्या वाट्यामुळे रज्जू वाचतो. हातपाय चालतात म्हणून मणका शाबूत आहे असं समजू नका. आणि पडल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेण्याची पद्धत आपल्या गावांत आहे, ती थांबवणं तुमच्याच हातात आहे. लोक तुमचं ऐकतात.

पूर्वी हे दोन मणके तारेनं बांधत. तार मागच्या बाजूनं धरते, पण फिरकी नीट रोखत नाही, आणि रुग्णाला नंतर कित्येक महिने जड आधारात राहावं लागे. मग स्वित्झर्लंडच्या मागर्ल यांनी अ‍ॅक्सिसमधून सांधा ओलांडून अ‍ॅटलसमध्ये जाणारा स्क्रू आणला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी 1988पासून अ‍ॅटलसच्या बाजूच्या जाड भागात, म्हणजे लॅटरल मासमध्ये, एक आणि अ‍ॅक्सिसमध्ये एक असे वेगळे स्क्रू घालून ते प्लेटनं जोडायला सुरुवात केली. 1994मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. 2001मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी त्याच वाटेनं स्क्रू आणि दांडीची रचना मांडली. आज जगभर ही पद्धत वापरतात, आणि ती आपल्या राज्यातल्या सार्वजनिक रुग्णालयात घडली याचा मला फार अभिमान वाटतो.

अ‍ॅक्सिसपासून बोलू. स्क्रू साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीचा. त्याला जायला हाडाची जी चिंचोळी पट्टी मिळते तिच्या बाहेर आणि खाली धमनीचं वळण, आतल्या बाजूला मज्जारज्जू. काहींमध्ये धमनी हाडात खोल आणि उंच चढलेली असते. मज्जारज्जूच्या पोकळीच्या कडेपासून 3 मिलिमीटर बाहेर मोजलं आणि पट्टीची उंची 5 मिलिमीटर किंवा कमी भरली, किंवा धमनीच्या खोबणीवर सांध्याखालचं हाड 2 मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरलं, तर धमनी उंच आहे असं धरतात. पाचातल्या साधारण एका रुग्णात निदान एका बाजूला सांधा ओलांडणारा लांब स्क्रू घालण्याजोगी जागा नसते. तिथं अट्टहास नको. आखूड स्क्रू घाला, किंवा 2004मध्ये राइट यांनी दाखवल्याप्रमाणे मागच्या पाकळीतून, लॅमिनातून, आडवा घाला. ती वाट धमनीपासून लांब आहे.

अ‍ॅटलसचा घोळ वेगळा. मागच्या कमानीवरच्या खोबणीवर काहींमध्ये हाडाचा पूल असतो. साध्या एक्स-रेत तो पूल कमानीचाच भाग वाटतो, कमान चांगली जाड आहे असं वाटून सर्जन तिच्यातूनच स्क्रू घालायला जातो, आणि पुलाखाली धमनी असते. हा फसवा देखावा मी विद्यार्थ्यांना पुन्हापुन्हा दाखवतो, कारण एकदा हाडावर पाहिला की विसरत नाही. पूल नसला तरी मध्यरेषेपासून दीड सेंटिमीटरच्या बाहेर कमान सोलत जायचं नाही. वरच्या कडेला तर त्याहून आधी, 8 मिलिमीटरवर थांबायचं. लॅटरल मासकडे जाताना मानेच्या दुसऱ्या मज्जातंतूभोवती शिरांचं जाळं लागतं, तिथला रक्तस्राव दाबून, धीरानंच थांबवावा लागतो. आणि स्क्रू पुढून फार बाहेर आला तर समोर मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी आणि जिभेचा मज्जातंतू आहे.

डावी-उजवी बाजू सारखी धरू नका. बहुतेकांत एक धमनी जाड असते, बऱ्याचदा डावी. दुसरी कधी सुतासारखी बारीक. जन्मजात अ‍ॅटलस कवटीला चिकटलेला असेल तर धमनी कमानीच्या वरून न जाता खालून, थेट स्क्रूच्या वाटेवरून आत शिरलेली सापडते. ड्रिल मारताना धमनीला इजा झालीच तर त्याच भोकात स्क्रू बसवून रक्त थांबवतात, आणि दुसऱ्या बाजूला धमनीजवळचा कुठलाही स्क्रू त्या दिवशी घालत नाहीत. दोन्ही गेल्या तर माणूस वाचणं अवघड. म्हणून धोक्याची बाजू आधी ओळखून ठेवायची.

हे सगळं ऑपरेशनच्या आधी कळतं, आणि ते कळण्याची सुरुवात तुमच्याकडे होते. रेडिओग्राफर मंडळींना माझी विनंती: मानेचा सीटी काढताना कवटीच्या तळापासून घ्या, काप 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ ठेवा. जन्मजात दोषाची शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रंगद्रव्य देऊन धमन्यांचाही स्कॅन करा. छापलेल्या फिल्मवर हाडाची पट्टी मोजता येत नाही, तेव्हा मूळ चित्रं सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर द्या. परिचारिकांनो, कॉलर लावल्याशिवाय रुग्ण उठवायचा नाही, कूस बदलताना डोकं धरायला एक माणूस वेगळा. सेवाग्राम असो की नागपूर, जिथं पाठवायचंय तिथं आधी फोन करा, आणि सीडी नातेवाइकाच्या पिशवीत न देता रेफरच्या चिठ्ठीला चिकटवून द्या.